बारावा फेटा

आमचे दाजी अनंतराव बावीस वर्षांपासून आमच्या घरी जेवलेले नाहीत. येतात, सोफ्यावर बसतात, पाणी पितात, धरणात किती टक्के साठा आहे ते सांगतात, ताट आलं की पोटावर हात ठेवून म्हणतात, "नाय, आमचं झालं."

कारण फेटा. माझ्या लग्नात, वैजापूरला, घरच्या मोठ्या जावयालाच फेटा बांधला नाही, असं त्यांचं म्हणणं. पुराव्याला अल्बममधला फोटो: अकरा गुलाबी फेटे आणि मधोमध दाजींचं उघडं डोकं. "बारा बांधले, मी स्वतः मोजले," असं वडील शेवटपर्यंत सांगत राहिले. फोटोपुढं त्यांचं काही चाललं नाही.

आता माझ्या मुलीचं, हिमानीचं लग्न महिन्यावर आलेलं. दाजींचा निरोप आला: येईन, जेवणार नाही. भर मांडवात घरचा जावई उपाशी! मनस्विनी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "आधी त्यांना जेवू घाला, मग पत्रिका वाटा."

अशात कपाटात, साड्यांच्या खाली, लग्नाची सीडी सापडली. सीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. पण माझ्या जुन्या लॅपटॉपला सीडीचा कप्पा होता. टाचणी खुपसली की उघडायचा. पैठण गेटच्या बाजारातून केबल आणून तो टीव्हीला जोडला. केबल आखूड निघाली, म्हणून लॅपटॉप स्वयंपाकघराकडं तोंड करून ठेवावा लागला. रविवारी दाजींना आणि माझ्या बहिणीला, भानुमतीताईला, बोलावलं. ताई मनस्विनीबरोबर पोळ्या लाटायला आत गेली. मी सीडी आत ढकलली आणि दाजींशेजारी येऊन बसलो.

टीव्हीवर हिरवीगार टेकडी आली. वर निळं आभाळ, एक ढग. लॅपटॉपमधून बँड सुरू झाला.

"हे वैजापूर नाय," दाजी म्हणाले.

"सुरुवात आहे, दाजी. त्या काळी व्हिडिओवाले आधी निसर्ग दाखवायचे."

"व्हय. आमच्या कॅसेटीत धबधबा होता."

दहा मिनिटं आम्ही गंभीरपणे टेकडी पाहिली. बँड रंगात आला. ढग जागचा हलेना.

"लई लांबवलं यानं," दाजी म्हणाले. "धबधबा निदान पडत तरी होता."

इतक्यात आतून लाटणं पडल्याचा आवाज आला. मग ताईचा: "अगं बाई, धर मला!"

आम्ही धावलो. दोघी ओट्याला टेकून, पदरानं डोळे पुसत, लॅपटॉपकडं बोट दाखवत होत्या. सिनेमा तिथं चालू होता. टेकडी ही लॅपटॉपच्या वॉलपेपरची शोभा होती, टीव्हीला तेवढीच मिळाली होती.

"मागं घे रे, मागं घे!" ताई ओरडली.

मी मागं घेतलं. वडील दाजींना फेटा बांधत होते. गुलाबी. मग वरात निघाली आणि पाटबंधारे खात्यातले आमचे दाजी, ज्यांनी आजवर सत्कारातसुद्धा जपून टाळ्या वाजवल्या, भर रस्त्यात लोळून नागीण झाले. फेटा सुटला. एक टोक दाजींच्या दातांत, दुसरं सनईवाल्याच्या हातात. शेवटी दाजी उठले, घोडीला सलाम ठोकला आणि अख्खा फेटा तिच्या डोक्याला बांधला. तुरा सोडून, नीटनेटका. घोडीवर मी होतो. मला मुंडावळ्यांतून काही दिसलं नव्हतं.

मनस्विनीनं अल्बम आणला. फोटोच्या कडेला घोडीचं गुलाबी डोकं होतं. बावीस वर्षं ती बँडवाल्याची सजावट समजत होतो.

"माहेरात मला मान वर करू दिली नाय," ताई म्हणाली, "अन् फेटा घोडीला?"

दाजींनी चष्मा काढला, पुसला, लावला. फोटो बराच वेळ पाहिला.

"तिला शोभून दिसलाय," ते म्हणाले. "वाढा. पण आधी तो डोंगर बंद करा."

डोंगर काही मला बंद करता आला नाही. दाजी त्याच्याकडं पाठ करून जेवले. सहाव्या पुरणपोळीवर तूप पडत असताना त्यांनी हळूच विचारलं, "हिमानीच्या वरातीला घोडी सांगितलीय ना?"

मी त्याच संध्याकाळी फेटेवाल्याला फोन करून एक फेटा वाढवून सांगितला.