अकरा आखूड गोलकीपर

मापाचा व्हर्नियर कॅलिपर पुन्हा शून्यावर आणून तिने तेच कार्ड तिसऱ्यांदा मोजलं. सत्त्याऐंशी पूर्णांक दोन मिलिमीटर.

“काय गं, काचा संपल्या म्हणून आता पत्ते मोजायला बसलीस?” काउंटरवरच्या ताईंनी डबा उघडत विचारलं.

“पत्ते नाहीत हो ताई, जमवायची चित्रांची कार्डं आहेत. उद्याच्या प्रदर्शनाच्या अर्जात माप लिहायचंय.”

“मग लिही की. एवढा चेहरा कशाला पाडायचा?”

तिने कार्ड बोटांत फिरवलं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे तिचं काम. पाव मिलिमीटर चुकला तर काच डुगडुगते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. या मालिकेतलं प्रत्येक कार्ड अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर उंच. हे आखूड होतं. जेवणाच्या सुट्टीत तिने अल्बममधली अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कार्डं मोजून काढली. अकरा आखूड निघाली. कुठलं कार्ड कुणाकडून आलं हे तिला तोंडपाठ होतं. अकराही बाइंडरकाकांकडची.

झिजलेले कोपरे नव्यासारखे दिसावेत म्हणून कार्डाच्या कडा बारीकशा कापून टाकायच्या. कार्डं जमवणाऱ्यांत याहून मोठी लबाडी नाही.

मुलगी झाली तेव्हा तिला सगळ्याचीच धास्ती वाटायची. गॅस बंद केला का, कडी लागली का, पोरीचा श्वास नीट चाललाय ना. रजेच्या त्या दिवसांत तिने लहानपणीची कार्डं माळ्यावरून खाली काढली आणि मग दिसेल ते आणत सुटली. विमानं, फुलपाखरं, खेळाडू. खोकी भरली, जीव काही थाऱ्यावर येईना. वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी अदलाबदल चाले. तिथे पुस्तकबांधणी करणाऱ्या या बाइंडरकाकांनी तिची खोकी चाळली आणि चष्मा कपाळावर चढवला.

“पोरी, याला जमवणं म्हणत नाहीत, हा नुसता साठा झाला. तुला नक्की काय हवंय ते एकदा ठरव. एकच मालिका घे आणि पुरी कर. आणि कार्ड हातात आलं की आधी कोपरे बघ. कोपरा टोकदार, तर कार्ड जिवंत.”

तिने गोलकीपर ठरवले.

“गोल करणारे सोडून अडवणाऱ्यांच्या मागे का लागलीस?” नवरा हसला होता.

“मी तरी दिवसभर दुसरं काय करते?”

चार वर्षं तिने तेवढंच केलं. पोर झोपली की अल्बमची पानं उलटायची, काय राहिलंय ते बघायचं. जीव शांत व्हायचा. आपलं झिजलेलं कार्ड काकांना द्यायचं, वर आणखी एक द्यायचं, आणि त्यांच्याकडचं टोकदार घ्यायचं. “तुझ्यासाठीच बाजूला ठेवलं होतं,” काका म्हणायचे. दाराची कडी तीनतीनदा तपासणाऱ्या तिने त्यांचं कार्ड एकदाही मोजलं नव्हतं.

दुपारी अर्धी रजा टाकून ती काकांच्या दुकानात गेली. खळीचा वास, वह्यांचे गठ्ठे, मधोमध कागद कापायचं यंत्र. पूर्ण उंचीच्या कार्डावर तिने एक आखूड कार्ड ठेवलं. वर केसाएवढी पट्टी उघडी राहिली. काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बस ना. चहा सांगतो.”

“चहा नको, काका. कापलंत ना हे?”

“अगं, वह्यांच्या कडा नाही का मी कापत? स्वच्छ दिसतं, एवढंच.”

“आणि मी दिलेली कार्डं? तीही कापलीत?”

काका खळीच्या डब्याचं झाकण लावत राहिले. ते आधीच लागलेलं होतं.

“ती तशीच आहेत. माझ्या अल्बमात.”

“का?”

“खरी होती ती.” मग जरा चढ्या आवाजात, “तुलाच टोकदार कोपरे हवे होते!”

“मला कुणी शिकवलं ते?”

काका वह्यांचा एक गठ्ठा सारखा करू लागले.

“परत द्या माझी.”

“अदलाबदल झाली ती झाली. नियम सगळ्यांना सारखा. आणि उद्या पट्टी घेऊन कोण येणारंय? बक्षीस घेऊन जाशील, बघ.”

म्हणजे ‘ठरव’ म्हणाले होते, तेही याचसाठी? हे विचारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ‘हो’ म्हणाले असते तर चार वर्षं कुठे ठेवायची होती? यंत्राच्या पाट्यावर तिने अकराही कार्डं एकेक करून मांडली आणि बाहेर पडली.

रविवारी हॉलमध्ये परीक्षक तिच्या टेबलाशी थांबले. “मालिका पूर्ण झाली असं ऐकलं होतं.”

“नाही. सदतीसच आहेत.”

“बाकीची?”

“अजून मिळायचीत.”

परीक्षकांनी अर्जावर खूण केली आणि ते पुढे गेले. समोरच्या टेबलावर काका आले होते. त्यांचा जाडजूड अल्बम पुढ्यात होता. लोक येत होते, नमस्कार करून पुढे जात होते. काकांनी तो उघडला नाही.

तिच्या अल्बमच्या अकरा रिकाम्या खिशांतून मागचा काळा कागद दिसत होता. खिशांच्या प्लॅस्टिकवर सकाळच्या घाईतले तिचेच ठसे उमटले होते. चष्मे पुसायचं मऊ फडकं काढून तिने ते पुसायला घेतले. आधी भरलेले खिसे पुसले. मग रिकामे, तितक्याच निगुतीने.