राजम्याचे दहा दाणे

हा खेळ माझ्याच डोक्यातून निघाला, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याचं श्रेय घ्यायचं की दोष, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी बहीण नोएमी सहा वर्षांची आहे. शाळेत ती लक्झेंबर्गी बोलते, वाचायला जर्मन शिकते आणि लक्झेंबर्गमधल्या एश शहरात आमच्या गल्लीतल्या पावाच्या दुकानात फाडफाड फ्रेंच झाडते. आमची घरची पोर्तुगीज तिला सगळी कळते, पण उत्तर येतं ते दुसऱ्याच भाषेत. ऑक्टोबरात आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "नाताळपर्यंत ही बोलायला लागली नाही, तर वर्षभर पोर्तुगालला गावी आजोबांकडे ठेवते. फिलोमेना मावशीने सेलिनाला ठेवलं होतं ना? येताना रेडिओसारखी बोलत आली."

परत आलेली सेलिना स्वतःच्याच आईला बघून पाहुण्यासारखी दाराआड उभी राहिली होती, हे आई सोयीने विसरली. मी विसरले नव्हते. शिवाय आमचा पलंग दुमजली आहे. झोपण्याआधी नोएमी खालून माझ्या फळीला पायाने दोनदा ठोकते. वर्षभर ते कोण ठोकणार?

"मी शिकवते तिला," मी म्हणाले.

"तू? तुला स्वतःचं कपाट आवरता येत नाही."

"गेल्या महिन्यात अख्ख्या शाळेसमोर भाषण केलंय मी."

"जर्मनमध्ये," आई म्हणाली.

मी कामाला लागले. फ्रिजवर, कपाटावर, खिडकीवर पोर्तुगीज नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. बाबा फरशा बसवून आले की सोफ्यावर आडवे होतात, त्यांच्या कपाळावरही एक लावली. दुकान-दुकान खेळलो, चमचा लपवून शोधला. नोएमी पोट धरून हसायची आणि सगळं लक्झेंबर्गीत बोलायची.

म्हणून राजमा. दर सोमवारी प्रत्येकीला दहा दाणे, खिशात ठेवायचे. स्वयंपाकघरात पोर्तुगीज सोडून दुसरा शब्द तोंडातून गेला की एक दाणा वाटीत. रविवारी जिच्याकडे जास्त दाणे, तिच्या आवडीचं गोड.

पहिल्या रविवारी माझ्याकडे चार उरले. आईकडे तीन, कारण तिच्या कामावरच्या मुकादमाचा फ्रेंचमधला फोन नेमका स्वयंपाकघरात यायचा. नोएमीकडे दहा. मी इतकी फुगले की बाबांना झोपेतून उठवून सांगितलं. पुढच्या रविवारी दहा. त्याच्या पुढच्याही. दर वेळी दालचिनी भुरभुरलेला गोड भात.

चौथ्या रविवारी भात खाता खाता माझ्या मनात आलं, आज ही नक्की काय बोलली? आठवेना. काल? तेही आठवेना. मीठ हवं असलं की ती बोट दाखवायची. पाणी हवं असलं की माझी बाही ओढायची. महिनाभर या पोरीने स्वयंपाकघरात तोंडच उघडलं नव्हतं. बोलायचंच नाही, मग दाणा जाईल कसा?

नियम मूर्खासारखा होता, की बहीण माझ्यापेक्षा हुशार होती? ती खेळ जिंकत होती आणि जिंकत जिंकतच गावी निघाली होती.

नाताळच्या आधीच्या रविवारी आजोबांचा फोन यायचा होता. "आज ही त्यांच्याशी कशी बोलते ते बघते," आई म्हणाली, "आणि मग काय ते पक्कं करते."

मी नोएमीला कोपऱ्यात घेतलं. "काहीही बोल. गोड भात मी देते तुला."

तिने खिसा दाखवला. सगळे दहा होते.

व्हिडिओ फोन आला. नेहमीप्रमाणे आजोबांची टोपी आणि अर्धं कपाळ दिसलं. "काय गं पोरी, काय म्हणतेस?"

नोएमीने खिसा घट्ट धरला. आई एकच बशी पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"आमची गाढवीण तुझ्यापेक्षा जास्त बोलते बघ," आजोबा म्हणाले.

नोएमीने दहाही दाणे टेबलावर ओळीने मांडले आणि सुरू झाली. दात पडला, तो सफरचंदात अडकला, बाईंनी कागदात बांधून दिला. वाक्य पोर्तुगीजमध्ये निघायचं, मध्येच लक्झेंबर्गी शब्द यायचा. मग ती स्वतःच एक दाणा वाटीत टाकायची आणि पुढे जायची. फ्रेंच शब्द आला, टक्. दहा दाणे दोन मिनिटांत संपले. ती वाक्याच्या मध्येच थांबली आणि माझ्यापुढे हात पसरला. मी माझे सगळे दिले. तेही संपले. मग आईने ओला हात खिशात घातला आणि आपले उरलेले तीन तिच्यापुढे ठेवले. का, ते मी विचारलं नाही.

आजोबांनी वीस वर्षं फ्रान्समध्ये भिंती लिंपल्यात. त्यांनी मध्येच फ्रेंचमध्ये विचारलं, दुखलं का?

"बाबा, तुम्ही तरी नका ना," आई आजोबांना म्हणाली.

"माझ्या नावाचाही एक टाक वाटीत. आणि गप्प बस, पोरगी सांगतेय ते ऐकू दे."

अर्ध्या तासाने फोन ठेवला तेव्हा आमच्यापैकी कोणाकडे एकही दाणा नव्हता.

"म्हणजे आपण हरलो का?" मी विचारलं.

आईने वाटीत पाणी ओतलं आणि ती झाकून ठेवली. "उद्या कोबी घालून सूप करू. आणि आजोबांना कळव, ऑगस्टमध्ये गावी येतो म्हणावं. सगळे. आणि सगळे परत येणार."

"पण नियमाप्रमाणे..."

"तुझा नियम भिजत घातलाय मी."

आता आजचं गोड कोणी निवडायचं, हे कोणीच सांगत नाहीये. झोपायला गेलो तेव्हा नोएमीने खालून फळी दोनदा ठोकली आणि पोर्तुगीजमध्ये विचारलं, "ताई, नवे दाणे कधी देणार?"

काय सांगू तिला? देऊ की नको?