दोन खटके

तीन रविवार चर्चमध्ये आमच्या लग्नाची सूचना वाचायची होती. दोनदा वाचून झाली. 'सारा आणि जोशुआ यांच्या विवाहास कुणाची हरकत असल्यास सांगावे.' दोन्ही वेळा कुणी हूं की चूं केलं नाही. आणि तिसऱ्या रविवारच्या आधी जोशुआनेच मोबाईलवर एक ओळ पाठवली. 'आपलं जमणार नाही, माफ कर.' खाली हात जोडलेलं चित्र. इतक्या वर्षांचं प्रेम आणि शेवटी हात जोडलेलं चित्र! मोबाईल भिंतीवर आपटणार होते, पण मोबाईल माझा होता.

आमच्या कोल्हार गावात लगेच कुजबुज सुरू झाली. जोशुआची आई, एंजेलामावशी, गिरणीवर म्हणाली, "आमी कशाला बोलू बाई? पोरीची जात हाय." न बोलता माझी अब्रू दळून गेली. तिने पुण्याची नर्स पाहून ठेवली होती, हे मात्र गिळलं.

आमचं फर्निचरचं दुकान आहे. लग्नासाठी कमान, पाटी, केकचं टेबल, सगळं मी बनवते. जोडायला एवढे सोपस्कार आणि तोडायला नुसता अंगठा? मी पेटले. आमच्या पलंगासाठी आणलेल्या सागवानाच्या दोन फळ्या घेतल्या, एकमेकींत बसवल्या आणि दोन्ही टोकांना एकेक खटका लावला. दोन्ही खटके एकाच वेळी दाबले तरच जोड सुटायचा. लांबीही अशी, की एका माणसाचे हात दोन्हीकडे पोचू नयेत.

ती जोडफळी घेऊन मी चर्चमध्ये गेले, तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "लग्न मोडायचा विधी आपल्यात न्हाई, सारा."

"मग सुरू करा. सूचना वाचली तिथंच लग्न मोडलं म्हनून वाचा. कुनी मोडलं तेबी वाचा."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण तिसऱ्या रविवारी वाचलं. 'वराकडून हे लग्न मोडण्यात आले आहे.' मंडळीत चुळबुळ झाली. मी जोडफळी वेदीपुढे बाकावर ठेवली आणि म्हणाले, "जोशुआ, ये. तू मोडलंस ना? मग हातानं मोड."

एंजेलामावशी तरातरा पुढे आली. "आण इकडं, मी दाबते."

"मावशी, माझं लग्न तुमच्याशी ठरलं हुतं काय?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. मावशीचं तोंड लाल झालं. तिने जोशुआला दंडाला धरून उठवलं. साखर कारखान्यात अवजड यंत्रं चालवणारा गडी, आईच्या एका हाताने उठला.

तो त्याच्या टोकाला, मी माझ्या. खरं सांगते, रागाच्या भरात बनवलं असलं तरी त्याच्या बाजूचा खटका बसवताना माझ्या मनात एक वेडी आशा होती. त्याने दाबलाच नाही तर? सगळ्यांसमोर हात मागे घेतला तर? माझा अंगठा खटक्यावर ठेवून मी त्याच्याकडे बघत राहिले. दाबू नकोस. मेल्या, दाबू नकोस.

त्याने आईकडे पाहिलं. मग दाबला. मीही दाबला.

खट्ट. फळ्या सुटल्या. बाकावरून त्याची फळी उचलून तो माझ्याजवळ आला आणि मलाच ऐकू जाईल असं पुटपुटला, "मला न्हवतं मोडायचं, सारा."

माझ्या डोक्यात सणक गेली. वेदीपुढे आहे, मंडळी बसली आहे, कशाची शुद्ध राहिली नाही. सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशी ओरडले.

"मग दाबलास कशाला?"

"ठेव ती फळी खाली," मावशी म्हणाली. त्याने ठेवली.

मी दोन्ही फळ्या खांद्यावर टाकल्या आणि बाहेर पडले.