वीस किलोमीटर पुढे

मी एक जुनी व्हॅन आहे. मित्रांनो, एका जागी उभे राहणे मला कधीच जमले नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट एका बेकरीत. पाव भरायचे आणि उजाडायच्या आत चाळीस दुकाने गाठायची. बेकरीवाले म्हणत, "हिच्यामुळे कधी उशीर झाला नाही." बारा वर्षांनी नवी गाडी आली आणि मी मागच्या अंगणात गेले. दोन वर्षे तिथेच होते. टायरमधली हवा गेली, आरशावर कोळ्याने जाळे विणले. दूर कुणाचे इंजिन सुरू झाले, की माझा जीव नुसता तळमळे.

तिथून मला मामाने आणले. मामाचे सायकल दुरुस्तीचे दुकान. त्याच्या दोन भाच्या, थोरली नर्स आणि धाकटी कॉलेजात, नऊशे किलोमीटर सायकलने जाणार होत्या. मधले तीनशे किलोमीटर ओसाड रान होते. पाणी, खाणे, तंबू आणि टपावर एक जादा सायकल घेऊन मी सोबत जायचे ठरले. मला वाटले, आता पळायला मिळेल.

पण पळणे कसले. वीस किलोमीटर जायचे आणि दोन तास थांबायचे. थोरलीने निघतानाच बजावले होते, "मामा, मागे मागे यायचं नाही. पाठीशी गाडी असली की सारखं वाटतं, दमलो तर बसू आत. तू पुढे जाऊन थांब."

मामा रोज संध्याकाळी दोन्ही सायकली उलट्या करून चेनला तेल घाली, स्पोक तपासी. माझी फक्त काच पुसी. माझ्या बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला होता. पाचव्या दिवशी सकाळी सुरू होताना मी दोनदा अडखळले. मामा म्हणाला, "गारठा आहे. चालली की होईल ठीक."

त्या दिवशी मी काटेरी झुडपांपाशी उभी होते. त्या दोघी दहाला यायच्या होत्या. साडेदहा झाले, अकरा झाले. मोबाइलला रेंज नव्हती. मामा रस्त्यावर जाऊन बघे, परत येई, माझे दार उघडी, लावी. पाण्याचे कॅन माझ्यात होते. त्यांच्याकडे दोन-दोन बाटल्याच.

शेवटी तो म्हणाला, "रागावली थोरली तर रागावू दे." त्याने किल्ली फिरवली. कट्. पुन्हा कट्. इतका वेळ निघण्यासाठी मी आसुसले होते आणि आता मला हलता येत नव्हते.

मामाने बॉनेट उघडले, तो थर पाहिला आणि कपाळाला हात लावला. साफ करण्यात अर्धा तास जाणार, तरी सुरू होईलच असे नाही. त्याने टपावरची सायकल उतरवली आणि कॅन कॅरियरला बांधला. गुडघ्यामुळे तो आठ वर्षे सायकलवर बसला नव्हता. तो बसला आणि गेला.

मित्रांनो, ते तास मी विसरू शकत नाही. चार चाके असून मी खिळल्यासारखी उभी होते. वाऱ्याने झुडूप हलले तरी वाटे, आले.

अडीच वाजता तिघे दिसले. मामा लंगडत सायकल ढकलत होता, कॅरियरवर धाकटी, तिला धरून थोरली. उन्हाने चक्कर येऊन धाकटी आठ किलोमीटर मागे पडली होती. पाणी कधीच संपले होते. त्यांच्या सायकली रानातच राहिल्या होत्या.

थोरलीने तिला माझ्या सावलीत झोपवले, ओल्या कपड्याने मान पुसली, मीठ-साखरेचे पाणी पाजले. मग उघडे बॉनेट बघून ती म्हणाली, "आमच्या चेनला रोज तेल घातलंस, मामा. हिच्याकडे एकदा तरी बघितलंस?"

"नाही. चालत होती म्हणून."

तिने सामानातून चाकू काढला. "मागे येऊ नकोस, असं मीच सांगितलं होतं."

दोघांनी चाकूने थर खरवडला, टोके घट्ट आवळली. मी सुरू झाले.

धाकटीने डोळे न उघडताच विचारले, "आता घरी का?"

"आधी सायकली आणू. मग तूच ठरव."

तिने एक दिवस विश्रांती घेतली आणि पुन्हा सायकल धरली. पुढे मी दर पाच किलोमीटरवर थांबे. आम्ही नऊशे पूर्ण केले.

आता मामा दर रविवारी माझे बॉनेट उघडतो. तरी कुणी लांब निघालेले दिसले की माझ्या जिवाला स्वस्थता नसते. मित्रांनो, जो कुरकुरत नाही तो ठीकच असेल, असे धरून चालू नका. निघण्याआधी आमच्याकडे एकदा बघा. पुढे जाऊन वाट बघणे हे आमचे काम. पण वाट बघणाऱ्यालाही एखाद्या दिवशी उलट धावत यावे लागते. त्या दिवशी त्याला धावता आले पाहिजे.