पुराची रेघ

करुणाला आधी भूगोल म्हणजे नुसतं पाठ करायचं पुस्तक वाटायचं. काळी मृदा, सरासरी पर्जन्य, योग्य पर्याय निवडा. मग ती नववीत गेली, शाळेत वैजनाथ सर आले, आणि त्यांनी वर्गातल्या टीव्हीवर तिचं गावच आणून ठेवलं.

आधी निळा गोळा फिरला. मग महाराष्ट्र मोठा होत गेला, मग वसमत, मग हळदीची हिरवीगार रानं, आणि त्यांच्या मधोमध एक पत्रा चमकला.

"आमचं घर!" करुणा चक्क बाकावर चढली. "सर, आमचं घर! त्यो बघा आमचा हौद!"

"खाली उतर, न्हाईतर तूबी दिसशील वरून," प्रतिक्षा म्हणाली, आणि वर्ग खदाखदा हसला.

सरांनी तारीख बदलली. चार वर्षांमागचा जुलै, पुराच्या दुसऱ्या दिवशीचा. हसू थांबलं. ओढा कुठं दिसतच नव्हता. पुलाला झाडं अडकून तुंबलेलं मातकट पाणी अर्ध्या गावावर पसरलं होतं. तेव्हा करुणा पाचवीत होती. त्या पाण्यात ती उभी होती. आणि तेच पाणी आता आभाळातून बघताना तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"सर, पाणी कुठवर आलं ते दिसतंय. पण खोल किती होतं?"

"ते उपग्रहाला सांगता येत नाही," सर म्हणाले. "ते गावाला माहीत आहे. जा, विचारून आणा. दूरदूरचे पूर आपण वाचतो, आता आपला पूर आपण लिहू."

आणि हे नुसतं गुणांसाठी नव्हतं. शुक्रवारी ग्रामसभा होती. अंगणवाडीची नवी खोली कुठं बांधायची ते त्या दिवशी ठरणार होतं. सरपंच संतरामकाकांच्या मनात ओढ्याकाठची मोकळी जागा होती. करुणाची निलममावशी अंगणवाडी चालवायची. ती म्हणत होती, शाळेजवळ उंचावर बांधा, ओढ्याकाठी लेकरं बुडतील. पण संतरामकाका म्हणायचे, "तिथं गुडघाभरच पाणी आलतं ताई. मी सोता बघितलंय." मोकळ्या जागेला भिंत नाही, भिंतीवर खूण नाही. मावशीचं ऐकणार कोण?

गावात मात्र खुणा होत्या. त्या पुरानंतर एक रीतच पडली होती. दिवाळीला बाया भिंती रंगवायच्या, पण गाळाची ती तपकिरी रेघ तेवढी सोडायच्या. मंजुळाबाईंच्या गुलाबी भिंतीवर ती कंबरेला होती, शालूबाईंच्या घरात चुलीच्या वर, आणि करुणाच्या वस्तीत तर दाराच्या कडीपाशी.

"पुसू नये बाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "पुसली की इसरतंय माणूस."

आता या सगळ्या रेघांची उंची एकमेकींशी ताडून बघायची कशी? करुणाच्या वडिलांकडं, जळबांकडं, उत्तर होतं. ते गवंडी. पाणी भरलेली लांबलचक पारदर्शक नळी घेऊन ते पाया सरळ लावायचे. नळीची दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हीकडं पाणी एकाच उंचीला थांबणार.

"तुमच्या सराकडं आभाळातलं यंत्र," जळबा मिशीत हसले, "आन शेवटी माझी नळीच लागली व्हय?"

"लागली की! चला बाबा, टोक धरा."

बुद्धविहाराची खालची पायरी म्हणजे शून्य. तिथून ही घरं, ती घरं, असं दोन दिवस नळी ओढत त्यांनी सतरा भिंती मोजल्या. अठरावी खूण करुणाची स्वतःची. पूर आला तेव्हा ती त्याच मोकळ्या जागेत शेळी सोडवायला गेली होती, आणि पाणी तिच्या छातीला लागलं होतं. तिथं उभं राहून तिनं पायापासून छातीपर्यंत टेप धरला, आकडा लिहिला आणि शाळेत धावली.

सरांच्या लॅपटॉपमध्ये सगळे आकडे भरले. जमिनीची रेघ वर-खाली वेडीवाकडी उड्या मारत होती. आणि तिच्यावर पाण्याची रेघ उमटली.

सरळ. दोरी ताणल्यासारखी सरळ.

करुणा पडद्याजवळ सरकली. मंजुळाबाईंच्या घरी कंबरेला, शालूबाईंच्या चुलीवर, वस्तीत कडीपाशी, आणि ते सगळं एकच! कुणाचं जोतं उंच, कुणाचं बसकं, कुणाचं कुणाशी बोलणं-चालणं बंद. पण त्या दिवशी सगळ्यांच्या घरात एकच पाणी, काचेच्या तावासारखं सपाट उभं होतं. डोळ्यांपुढं तिला ते दिसलंच, गावाच्या आरपार.

"अन हे काय?" प्रतिक्षानं बोट ठेवलं. "तुझ्याजवळ पाणी टेकडी चढलं का गं?"

अठरावा ठिपका रेघेच्या वर लटकत होता. चांगला वीतभर वर. नेमका तोच, अंगणवाडीच्या जागेचा!

करुणाचं तोंड उतरलं. उद्या ग्रामसभा. एक ठिपका वाकडा दिसला तर संतरामकाका सगळाच नकाशा उडवून लावतील. थोडा आकडा कमी केला तर? कुणाला कळणार आहे? तिचं बोट बटणावर गेलंसुद्धा.

"सर, खोडू का?"

"का चुकला ते सापडलं तर खोड," सर म्हणाले. "नाही सापडलं तर राहू दे, आणि उद्या तसंच सांग."

घरी तिनं जळबांना पुन्हा त्या जागेवर नेलं. पुन्हा नळी लावली. जमिनीची उंची बरोबर. पुन्हा टेप. आकडा तोच.

"काहून चुकतंय मग?" तिला रडूच यायला लागलं. "बाबा, तुमी तर होता. छातीला होतं की न्हाई पाणी?"

"व्हय की. म्या एका हातानं उचललं तुला, दुसऱ्या हातात शेळी. शेळीच जड होती." जळबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता उचलाय सांगू नको बाई. कंबर जाईल माझी."

करुणानं हातातल्या टेपकडं बघितलं. मग एकदम ओरडली, "बाबा! मी वाढलेय!"

"ते तर दिसूनच राहिलं."

"न्हाई हो! छाती आताची मोजली मी! पाणी पाचवीतल्या छातीला होतं!"

सकाळी शाळा उघडायच्या आधीच ती दारात. आरोग्य तपासणीच्या जुन्या रजिस्टरात, पाचवीच्या पानावर, त्याच जुलैतली तिची उंची होती: एकशे अठ्ठावीस. त्या मापाची एक पोरगी शोधून तिच्या छातीला टेप लावला: त्र्याण्णव सेंटिमीटर. आकडा भरला. ठिपका वीतभर खाली उतरला आणि रेघेत जाऊन असा बसला, जणू तिथंच त्याची जागा होती.

शाळेच्याच वर्गात भरलेल्या ग्रामसभेत तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. टीव्हीवर रेघ, रेघेवर अठरा ठिपके. आपला ठिपका आधी कसा चुकला, तेही तिनं सांगून टाकलं.

"पर म्या बघितलंय, गुडघाच होता," संतरामकाका म्हणाले.

"काका, तुमी तवा ट्रॅक्टरवर उभे होता."

सभा हसली. काकाही ओशाळून हसले. "व्हय गा, ट्रॅक्टरवरच होतो."

मग करुणानं निलममावशीच्या अंगणवाडीतल्या चार वर्षांच्या ऐश्वर्याला पुढं बोलावलं आणि तिच्या शेजारी टेप उभा धरला. त्र्याण्णववर बोट ठेवलं. बोट ऐश्वर्याच्या डोळ्यांसमोर आलं. तिनं ते टकामका बघितलं आणि खुदकन हसली.

सभेत दुसरं कुणीच हसलं नाही.

संतरामकाका उठले, खाकरले. "शाळेजवळ बांधा," म्हणाले. "आन जळबा, पायाला नळी तूच लाव."