मालनच्या सुया

आमच्या गावात बाया नाटकाला विणकाम घेऊनच येतात. येणारच! हातात लोकर नसली तर आमच्या बाईला बसवत नाही. तीस वर्षं मी विंगेतून नटांना वाक्यं पुरवतेय. नाटक कसं चाललंय ते मला टाळ्यांवरून नाही, सुयांवरून कळतं. सुया थांबल्या की समजायचं, रंगलं. आणि मालनच्या सुया मात्र कधी म्हणजे कधीच थांबल्या नव्हत्या.

मालन ही रान्वाची आई. रान्वा कोपनहेगनला नाटक शिकायला गेली, आठ वर्षांनी परतली आणि आमच्या बेटांच्या राजधानीत, तोर्शाव्नमध्ये, पहिल्या नंबरची नटी झाली. मी तर तिची जाहिरात करत गावभर हिंडायचे! तिचा प्रयोग गावात आला की मालन तिसऱ्या रांगेत बसून टकटक विणायची. प्रयोग संपला की म्हणायची, "आज एक बाही पुरी झाली." बास. नाटकाबद्दल अवाक्षर नाही. रान्वा तिच्यासमोर हसायची आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडायची.

त्या मार्चमध्ये रान्वानं पहिल्यांदा स्वतः नाटक बसवलं, तेही आमच्या हॉलमध्ये. मला म्हणाली, "योविनामावशी, या वेळी आईच्या सुया थांबल्या पाहिजेत. नाही थांबल्या तर पुन्हा दिग्दर्शनाचं नाव काढणार नाही."

मी म्हटलं, त्यात काय, दारावर विणकामाला मनाईची पाटी लाव. भडकलीच माझ्यावर. मनाई करून थांबलेल्या सुया कोणाला हव्यात, म्हणाली. मी जीभ चावली.

रविवारी चारचा प्रयोग. सकाळी वारा असा सुटला की सुदुरोय बेटावरून येणारी बोटच रद्द झाली आणि म्हातारीचं काम करणारी एल्सपा तिकडे अडकली. सगळे हातपाय गाळून बसले. रान्वानं संहिता माझ्या हातात कोंबली, एल्सपाची शाल खांद्यावर घेतली आणि मीच करते म्हणाली.

नाटक असं, की एक म्हातारी खिडकीशी विणत बसलीय आणि मुलगी परदेशी गेलीय. पत्रं येतात, म्हातारी विणतेच आहे. पहिले दोन अंक रान्वाला एकही शब्द द्यावा लागला नाही. पण ती मान कलती करून, ओठ मुडपून विणायला लागली तशी मी विंगेत ताठ झाले. अहो, ही तर हुबेहूब मालन! समोर खरी मालन टकटक करत होती, आणि दोघींचे हात एका तालात चालले होते.

शेवटी मुलगी दारात येते आणि म्हातारी तिला चांगलं पानभर सुनावते. मुलगी आली. रान्वा गप्प. मला वाटलं, विसरली! मी पहिला शब्द पुटपुटले. तिनं गुडघ्याजवळ बोट हलवून मला गप्प केलं आणि विणकाम मांडीवर ठेवून दिलं. दाराकडे बघत राहिली, बस्स.

मागच्या रांगेतल्या सुया थांबल्या. मग मधल्या. सगळ्या हॉलमध्ये एकट्या मालनच्या सुया ऐकू येत होत्या. थांब गं बाई, थांब, मी मनातल्या मनात ओरडत होते. संहिता माझ्या मुठीत चुरगळली. दोन टाके, तीन टाके, आणि मग बाहेरच्या वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना.

नंतर टाळ्या किती पडल्या ते मला विचारू नका, मी रडत होते.

कॉफी आणि केक मांडलेल्या टेबलाशी मालन आली. शाल अजून खांद्यावरच असलेल्या लेकीसमोर तिनं विणलेलं धरलं.

"आज बाही चुकली," ती म्हणाली.

खरंच, मनगटाच्या वर चांगलं बोटभर भोक पडलं होतं. एका चुकल्या टाक्यासाठी अख्खा स्वेटर उसवणारी बाई ती! रान्वानं आईच्या हातातून विणकाम घ्यायला हात पुढे केला, म्हणाली, "दे, मी उसवून देते."

मालननं बाही छातीशी धरली. "हात लावू नकोस," ती म्हणाली. "अशीच घालणार आहे मी."