साडेतीनशेचा हात

तिने पिठाचा गोळा तोडला आणि न बघताच काट्यावर टाकला. चारशे ग्रॅम. बेकरीचे मालक काट्याशीच उभे होते.

“काकू, पुन्हा चारशे.”

“पुन्हा करते.”

दुसऱ्यालाही काटा तिथेच जाऊन थांबला. एकवीस वर्षं तिचा हात चारशेलाच तोडत आला होता. बेकरीत काटा असायचा तो नव्या बायकांसाठी. तिचा गोळा कुणी तोलत नसे. दिवसाचा पहिला गोळा तोडताना देवाचं नाव घ्यायचं, हा तिचा नेम. या आठवड्यात मात्र नाव ओठांपर्यंत येई आणि तिथेच राही.

“मलाही बरं वाटत नाही हो,” मालक म्हणाले. “पण डिझेल कुठे जाऊन बसलंय बघा. पिठाच्या गाडीचं भाडं वाढलं, भट्टी तर डिझेलच पिते. दुकानदार पावाची किंमत वाढवू देत नाहीत. मग पावच उतरवायचा. साडेतीनशे.”

“दिसेल की लहान.”

“खमीर वाढवू. फुगेल.”

भट्टीवाला घाम पुसत हसला. “हवा विका, मालक. हवेला अजून डिझेल लागत नाही.”

मालक हसले नाहीत. “शनिवारपर्यंत हात बदला, काकू. नाहीतर मला माणूस बदलावा लागेल.”

ती मान खाली घालून तोडत राहिली. जास्त झालेलं पीठ चिमटीने काढताना तिला कुणाच्या तरी ताटातला घास उचलल्यासारखं होई. पण घरात दुसरा पगार नव्हता. नवऱ्याचा टेम्पो महिनाभर दारात उभा होता. गुरुवारी तीनशे ऐंशी आले. शुक्रवारी तीनशे साठ. शनिवारी तिने डोळे मिटून दहा गोळे तोडले, दहाही साडेतीनशे. मालकांनी काटा उचलून कपाटात ठेवला.

“सुटलात बघा,” भट्टीवाला म्हणाला.

संध्याकाळी घरी तिने पीठ मळलं. तेच वाटीचं माप, तेवढंच पाणी. चौघांना दोन-दोन पोळ्या, असे रोजचे आठ गोळे. तवा तापत ठेवून ती गोळे तोडत गेली.

“आई, आज नऊ,” शेजारी बसलेली लेक म्हणाली. “एक जास्त झाली.”

तिचा हात परातीवरच थांबला. तिने घाईने सगळे गोळे एकत्र केले, पुन्हा मळले, पुन्हा तोडले. नऊच.

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या उठून आल्या. एक गोळा तळहातावर घेऊन त्यांनी जरा वरखाली केला आणि जपून परत ठेवला.

“जा गं, बाबांना हात धुवायला सांग,” त्यांनी नातीला पाठवून दिलं.

ती गोळे तिसऱ्यांदा एकत्र करू लागली, तशी सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

“सवयीने झालं, आई. पुन्हा करते नीट.”

“राहू दे.”

“पोट नाही भरायचं कुणाचं.”

“दोन खाल्ल्या की दोन खाल्ल्या. एवढं कोण बघतंय?”

“तुम्हाला कळलंच ना.”

सासूबाईंनी मनगट सोडलं. पिठाचा डबा किंचित तिरका करून आत पाहिलं आणि झाकण दाबून लावलं.

“नववा गोळा झाकून ठेव. उद्याला होईल,” त्या म्हणाल्या. “आणि रोज असेच कर.”

बाहेर नळाचं पाणी वाजलं. तिने पोळपाटावर पीठ भुरभुरलं आणि लाटायला घेतलं.